तुलनेचा वॉर्ड

इंदूबाई भोयर यांना मला एक गोष्ट सांगायची होती. गोष्ट एका वाक्याची होती, आणि ते वाक्य म्हणायला मी चौदा महिने लावले. यवतमाळहून घाटंजी काही सातासमुद्रापार नाही. गाडी काढली की तासाभरात माणूस पोचतो. पण दर रविवारी मला काही ना काही काम निघायचं, आणि नाही निघालं तर मी ते काढायचो.

आधी मी कोण ते सांगतो. मी डॉक्टर आहे, पण गेल्या बारा वर्षांत पेशंटला हात लावलेला नाही. यवतमाळातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी संशोधन विभाग बघतो. रुग्णालयाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी आहे, त्याची नाही. विभाग म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक कूलर आणि प्राची. प्राची नर्स आहे. तिला मी वॉर्डातून माझ्याकडे मागून घेतलं, कारण ती डॉक्टरांशी भांडायची आणि मला अशी माणसं आवडतात. निदान ती दुसऱ्याशी भांडत असतात तोवर आवडतात.

संशोधन कशाचं, तर रुग्णालयात भरती झालेल्या माणसाची काळजी अधिक चांगली कशी घेता येईल याचं. ऐकायला हे अगदी मिळमिळीत वाटतं, मला ठाऊक आहे. पण त्यामागे माझा एक जुना राग होता. दगावलेल्या पेशंटचे केसपेपर तपासण्याचं काम माझ्याकडे असायचं. ते वाचताना मला पुन्हा पुन्हा एक ओळ सापडायची: "नातेवाईक घाबरलेले. धीर दिला." वेळ पाहिली तर पेशंट ढासळण्याच्या पाच-सहा तास आधीची. म्हणजे आमच्या मशीनला कळायच्या आधी बायकोला कळलेलं असायचं, आईला कळलेलं असायचं. ते सांगायला यायचे आणि आम्ही त्यांना धीर देऊन परत पाठवायचो. ती ओळ दिसली की माझं डोकं फिरायचं. एकदा तर मी केसपेपर टेबलावर आपटला, आणि कूलरच्या वाऱ्यानं त्याची पानं खोलीभर झाली. प्राचीनं ती गोळा केली आणि म्हणाली, "सर, रागावून काय होते? काहीतरी करा ना."

मग केलं. एक पिवळं कार्ड तयार केलं. त्यावर एकच प्रश्न: काल आणि आजमध्ये तुमच्या माणसात काही फरक वाटतो का? सकाळ, दुपार, संध्याकाळ नर्सनं तो सोबतच्या माणसाला विचारायचा. "हो" म्हटलं की अर्ध्या तासात डॉक्टरनं खाटेशी यायचं आणि पेशंटला हात लावून तपासायचं. बस, एवढंच. एका वॉर्डात हे कार्ड चालवायचं, तसल्याच दुसऱ्या वॉर्डात काही करायचं नाही, तिथलं जसं चालतं तसं चालू द्यायचं, आणि वर्षभरानं दोन्हीकडचा हिशोब मांडायचा. काही न केलेला तो तुलनेचा वॉर्ड. तुलना केल्याशिवाय कार्डामुळे फरक पडला की नशिबामुळे, हे कळणार कसं? चिठ्ठ्या टाकल्या. पाच नंबरला कार्ड आलं, सात नंबर तुलनेला गेला.

नियम मीच लिहिले. त्यातला एक असा होता, की आमच्यापैकी कोणी सात नंबरमध्ये नातेवाइकांचं बोलणं डॉक्टर-नर्सपर्यंत पोचवायचं नाही. पोचवलं तर सात नंबरचाही पाच नंबर होईल आणि सगळं मुसळ केरात. संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीनं त्यात "जिवाला धोका दिसत असल्यास हा नियम लागू नाही" असं घालायला लावलं. मी आनंदानं घातलं. धोका दिसला तर मी गप्प बसणारा माणूस नव्हे, अशी माझी खात्री होती.

पहिले दोन महिने पाच नंबरमध्ये फजितीच झाली. आपल्याकडे पांढरा कोट दिसला की माणसाच्या तोंडून "बरं हाये" आपोआप निघतं. खाटेवरचा माणूस कण्हत असला तरी शेजारचा म्हणणार, "बरं हाये जी." प्राचीनं मग नर्सांना शिकवलं, की उभ्यानं विचारू नका, स्टूल ओढून बसा. बसल्यावर लोक बोलू लागले. एक म्हातारा बायकोकडे पाहून म्हणाला, "फरक? चाळीस वर्सं झाली, रोजच फरक हाये." नियमाप्रमाणे ते "हो" धरलं गेलं, डॉक्टर धावत आला, आणि म्हातारीनं दोघांनाही फैलावर घेतलं. हसलो आम्ही. पण त्याच महिन्यात त्या कार्डानं तीन माणसं वाचवली, आणि मी खोलीत एकटाच असताना टेबलावर बुक्की मारली. या वेळी आनंदानं.

मारोतराव भोयर सात नंबरमध्ये होते. खाट अकरा. घाटंजीत त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी खोलून त्यात नवी तार भरायची, हा धंदा. साखरेचा आजार, पायाला जखम, ती चिघळली म्हणून भरती. पाय चिरून पू काढला होता, ताप उतरला होता, दोन-तीन दिवसांत घरी जाणार होते. माणूस महा तिरसट. सलाइन हळू का, पंखा जोरात का, चहात साखर का नाही, सगळ्यांवर तोंड सोडायचे आणि सगळ्यात जास्त इंदूबाईंवर. सात नंबरच्या नर्सा त्यांना आपसात "कलेक्टर" म्हणायच्या.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. सकाळचे साडेनऊ. मी आणि प्राची सात नंबरमध्ये नोंदी घ्यायला गेलो होतो. आम्ही नोंदी घ्यायचो, बोलायचो कमी. इंदूबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ठेंगणी बाई, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. माझे पांढरे केस आणि हातातली फाइल पाहून त्यांनी मला मोठा डॉक्टर समजलं असणार.

"साहेब, थोडं पाह्यता का यायले?"

"काय झालं?"

"आज माह्यावर खेकसलेच नाही."

मला हसू आलं. "बरं झालं की मग!"

"तसं नाही जी." त्या हसल्या नाहीत. "सकाऊन चहा देला, फिक्का. एक शब्द बोलले नाही, पेऊन घेतला. म्या मुद्दाम पंखा वाढोला, तरी काही म्हटलं नाही. मी पंचवीस वर्सांपासून पाहून राह्यली यायले. हे माणूस असं चूप बसत नाही. चादरीचा दोरा उसवून राह्यले बसल्या बसल्या."

मी खाटेच्या पायथ्याशी गेलो. पायथ्याशी, उशाशी नाही. मारोतराव चादरीच्या काठाशी बोटं चाळवत होते. "काय मारोतराव, कसं काय?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, "बरं हाये साहेब." कागदावर सहा वाजताची नोंद होती. ताप जरासाच, रक्तदाब ठीक. म्हटलं, धोका दिसत नाही.

खरं सांगू? धोका मी पाहिलाच नव्हता. हात लावला असता तर कळलं असतं, की हातपाय गार पडताहेत. श्वास मोजला असता तरी कळलं असतं. डॉक्टर आहे मी. पण त्या क्षणी मला नियम आठवला, आणि पाच महिन्यांची मेहनत आठवली. ही बाई पाच नंबरमध्ये असती तर किती सुंदर उदाहरण झालं असतं, हेही मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

इंदूबाई वाट पाहत होत्या. मी म्हणालो, "सांगतो मी डॉक्टरांना. तुम्ही काळजी करू नका. बसा त्यांच्याजवळ."

हे वाक्य नोकरीत मी हजार वेळा तरी म्हटलं असेल. कधी सांगितलं, कधी विसरलो. हे म्हटलं की समोरचा माणूस हात जोडतो आणि आपल्याला जाऊ देतो. इंदूबाईंनीही हात जोडले आणि मी निघालो.

वॉर्डाच्या दारात प्राचीनं माझी बाही धरली. "सर, मी सांगून येते. दोन मिनिटं."

"प्राची, हा तुलनेचा वॉर्ड आहे."

"पण सर, तुम्ही त्यांना म्हणालात..."

"काय म्हणालो ते मला माहीत आहे. त्यांना तोंड आहे, सिस्टर दहा पावलांवर आहे. अकरा वाजता राउंड आहे. त्या सांगतील. नेहमी जसं होतं तसं होऊ दे."

प्राचीनं बाही सोडली. तिनं त्या दिवशी मला भांडून हरवलं असतं तर किती बरं झालं असतं. पण माझा आवाज चढला होता, आणि ती शेवटी माझ्या हाताखालची.

अकरा वाजता राउंड झाला. प्राची नोंद घ्यायला तिथंच होती. डॉक्टरनं विचारलं, "कसं वाटते?" मारोतराव म्हणाले, "बरं हाये." डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेला. इंदूबाई उशाशी उभ्या होत्या, त्या काही बोलल्या नाहीत. प्राचीनं लिहिलं: "नातेवाइकांची तक्रार नाही." साडेतीनला मारोतराव हाकेला ओ देईनात तेव्हा इंदूबाई ओरडल्या. मग धावपळ, अतिदक्षता विभाग, नळ्या. जखमेतलं विष रक्तात पसरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मारोतराव गेले. सकाळीच कळलं असतं तर वाचले असते का, असं मी तिथल्या डॉक्टरला आडून आडून विचारलं. तो म्हणाला, "सर, सांगता येत नाही. पण सहा तास म्हणजे फार होतात."

पुढचे चौदा महिने मी एकाच गोष्टीच्या आधारानं काढले. ती म्हणजे अकराचा राउंड. डॉक्टर समोर उभा होता आणि इंदूबाई बोलल्या नाहीत. मग दोष एकट्या माझा कसा? मी नसतोच त्या वॉर्डात तरी हेच झालं असतं. मी काही केलं नाही, पण काही बिघडवलंही नाही. रात्री झोप लागण्यापुरता हा आधार पुरत होता.

वर्ष संपलं, हिशोब मांडला. एकाएकी ढासळून अतिदक्षतेत न्यावे लागलेले किंवा दगावलेले पेशंट पाच नंबरमध्ये अकरा, सात नंबरमध्ये एकवीस. नागपूरच्या परिषदेत मी हे आकडे पडद्यावर दाखवले तेव्हा सभागृहात टाळ्या पडल्या. एकवीसमध्ये मारोतराव होते. माझं म्हणणं खरं ठरवायला त्यांच्या मरणाचा आकडा माझ्याच बाजूनं मोजला गेला होता. जेवणाच्या वेळी लोक हात मिळवत होते आणि मी ताट घेऊन कोपरा शोधत होतो.

प्राचीनं त्यानंतर नोकरी सोडली. वणीला तिच्या माहेरजवळच्या दवाखान्यात लागली. जाताना पेढे ठेवले, पाया पडली आणि म्हणाली, "सर, त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना सांगितलं नाही, एवढं तरी त्या बाईंना सांगून या. मी सांगितलं असतं, पण ते तुम्हीच सांगायला पाहिजे." मी "हो, जातो" म्हटलं. माझ्या "हो" ला काय किंमत आहे हे तिला चांगलं माहीत होतं. ती गेली.

डिसेंबरच्या एका रविवारी मात्र गेलो. गाडीत सगळं भाषण तयार केलं. संशोधन म्हणजे काय, तुलना का लागते, नियम का असतात. दोन्ही बाजूंना कापूस वेचणाऱ्या बाया दिसत होत्या आणि मी स्टिअरिंगशी मोठ्यानं बोलत होतो.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. ते बंद असेल अशी माझी समजूत. पण शटर उघडं होतं आणि आत इंदूबाई स्वतः मोटारीत तार भरत बसल्या होत्या. बाजूला त्यांची मुलगी वैष्णवी वेढे मोजत होती. मला पाहताच इंदूबाई उठल्या. हात पुसले, पदर सावरला.

"साहेब! तुमी? इथं?"

मला वाटलं, आता दारातूनच वाटेला लावतील. पण त्यांनी खुर्ची झटकली, वैष्णवीला चहा ठेवायला आत पिटाळलं आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून म्हणाल्या, "हे पाहा भाऊ, हेच ते यवतमाळचे साहेब. म्या सांगतलं होतं न? एवढ्या मोठ्या दवाखान्यात यायनंच एकट्यानं माह्यं आयकून घेतलं." शेजाऱ्यानं मला नमस्कार केला. मी कसाबसा हात जोडला. अंगावरचे कपडे जड वाटू लागले.

"मी एक सांगायला आलो होतो," मी म्हणालो.

"बसा त खरं आधी." त्या समोर पाटावर बसल्या. "साहेब, मले वाईट कायचं वाटते सांगू? हे गेले ते गेले. पन त्या दिवशी माह्यी लय चुळबुळ होत होती. तुमच्याशी बोलाच्या आधीच मी सिस्टरबाईकडे निंगालती. पायात चप्पल घातलती. तेवढ्यात तुमी दिसले. तुमी म्हटलं, सांगतो मी डॉक्टरले. मंग म्या चप्पल काढून ठेवली."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं.

"म्हटलं, एवढ्या मोठ्या साहेबानं सांगतो म्हटल्यावर आपण पुन्हा सिस्टरले सांगाव, त साहेबाले काय वाटन? बाईले भरोसा नाही म्हणन. राउंडले डॉक्टर आले तवा बी माह्या तोंडावर आलतं. पन मनात म्हटलं, यायले सांगून झालं असन, यायच्या ध्यानात असन. मंधात बोललं त बिघडन. म्हणून चूप राह्यली मी."

सात नंबरला आम्ही हात लावला नाही, असं मी छापून आणलं होतं. "तुलनेच्या वॉर्डात नेहमीचीच सेवा सुरू ठेवली," हे माझं वाक्य. नेहमीच्या सेवेत इंदूबाई चप्पल घालून दहा पावलं चालल्या असत्या. नेहमीच्या सेवेत त्या अकरा वाजता तोंड उघडून बोलल्या असत्या. सात नंबरमध्ये त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळी अशी एकच गोष्ट होती, आणि ती मी होतो. ज्या राउंडचा आधार धरून मी चौदा महिने झोपलो, तो राउंडही मीच मुका केला होता.

"पन एक विचारू काय साहेब?" इंदूबाई म्हणाल्या. "तुमी सांगतल्यावर डॉक्टर काय म्हटलं? आयकलं नाही काय त्यायनं?"

तयार केलेलं भाषण कुठं गेलं कोण जाणे. संशोधन, तुलना, नियम, एक शब्द आठवेना. बरंच झालं. खोटं बोलायला मात्र अजूनही जागा होती. "सांगितलं होतं, पण डॉक्टर कामात होते," एवढं म्हटलं असतं तर त्या मानेनं हो म्हणाल्या असत्या, चहा आला असता आणि मी अंधार पडायच्या आत घरी पोचलो असतो. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, हेही कबूल करतो.

"इंदूबाई, मी सांगितलंच नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांना नाही, सिस्टरला नाही. कोणालाच नाही."

त्यांना आधी कळलं नाही. "विसरले काय?"

"नाही. विसरलो नाही. सांगायचं नाही असं ठरवलं होतं. आमचा एक नियम होता."

वैष्णवी चहाचे कप घेऊन पडद्याशी आली होती, ती तिथंच थांबली. इंदूबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. त्या चिडतील, रडतील, शिव्या देतील, असं मला वाटलं. दिल्या असत्या तर मी त्या घेतल्या असत्या. त्या उठल्या नाहीत. नियम कोणता, असंही त्यांनी विचारलं नाही. हातातल्या तांब्याच्या तारेचा तुकडा त्या बोटाभोवती गुंडाळत होत्या, तो त्यांनी खाली ठेवला.

"मंग तवाच म्हणाचं न साहेब, नाही सांगत म्हणून," त्या हळूच म्हणाल्या. "मी गेली असती न."